जिलबीचं दुखणं आणि वीणेचा पहारा

माळ घातलेल्या माणसाने मासे पाळू नयेत, असं कुठल्याही पोथीत लिहिलेलं नाही. मी शोधून पाहिलं, वर दोन बुवांना विचारलंही. एक बुवा म्हणाले, भूतदया आहे, अवश्य पाळा. दुसऱ्यांनी विचारलं, कुठले, बोयटे का? हे दुसरे बुवा आमच्याच, खाडीतले बोयटे चवीने खाणाऱ्या भागातले होते.

पोलादपुरात माळ घालणं म्हणजे काय, हे घाटावरच्या माणसाला कळायचं नाही. सावित्रीकाठचा माणूस गळ्यात तुळशीची माळ घालतो तेव्हा तो संसार सोडत नाही, सुकट सोडतो. आणि या दोहोंत अवघड कोणतं, ते आमच्याकडच्या कुठल्याही बायकोला विचारावं. मी सुकट सोडली तेव्हापासून आमच्या घराचा उंबरा माशाने ओलांडला नव्हता. ओलांडला तो थेट काचेच्या टाकीत बसून, जिवंत, आणि तोही माझ्या लेकीच्या मांडीवरून.

टाकी आमच्या मानसीची. त्या टाकीत दोन गोल्डफिश, जिलबी आणि मोतीचूर. लग्न होऊन ती भोरला गेली तेव्हा म्हणाली, "बाबा, सासरी आधी मी रुजते, मग यांना नेते. तोवर तुम्ही बघा." मी हायस्कुलातला हेडक्लार्क. दरसाल पाचवीपासून दहावीपर्यंतची पोरं सांभाळतो, दोन मासे काय सांभाळता येणार नाहीत, असं मला वाटलं. माणसाला असं काही वाटलं की समजावं, विठ्ठल कुठेतरी गालातल्या गालात हसतोय.

आता खरी गोष्ट सांगतो. रोज दिवेलागणीला मानसीचा व्हिडिओ कॉल येतो, तो जिलबीसाठी. मी फोन काचेसमोर धरतो. जिलबी तोंड उघडते, मिटते, मानसी तिकडून तिचे लाड करते, आणि सगळं झालं की फोनच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या माझ्या अर्ध्या चेहऱ्याला विचारते, "जेवलात का बाबा?" मग पाच-दहा मिनिटं आमचं बोलणं होतं. सरिताचं, म्हणजे माझ्या बायकोचं, तसं नाही. त्या दोघी सकाळपासून तीनदा बोललेल्या असतात. आईला फोन करायला लेकीला कारण लागत नाही. बापाला फोन करायला मासा लागतो.

म्हणून माघातल्या त्या सकाळी जिलबीच्या अंगावर कुणी रवा भुरभुरावा तसे पांढरे ठिपके दिसले, तेव्हा मला आधी संध्याकाळचा फोन आठवला. ती खांबाला म्हैस अंग घासते तशी टाकीतल्या दगडाला अंग घासत होती. मोतीचूरच्या शेपटीवरही दोन-तीन ठिपके होतेच. आमच्या विठ्ठलमंदिरातला सप्ताह दुसऱ्याच दिवशी बसणार होता आणि काल्याला मानसी यायची होती. संध्याकाळी फोन आला तेव्हा मी मोतीचूरला पुढे करून जिलबीची फक्त डावी बाजू दाखवली. डाव्या बाजूला ठिपके कमी होते. मानसी म्हणाली, आज जिलबी गप्प आहे. मी म्हणालो, माघातली थंडी आहे.

दुखणं गुप्त ठेवायचं असेल तर माणसाने साळूबाईच्या शेजारी राहू नये. या आमच्या शेजारणीला भिंतीपलीकडून शिंक ऐकू येते आणि ती कुणाची तेही कळतं. तिने टाकीपाशी कंबरेवर हात ठेवून पाहणी केली.

"भाऊ, हळद न् मीठ लावा तिला," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "औषध म्हणून सांगते हाय. तिखटाचं काय बोलले नाय मी."

तिच्यामागोमाग कुशाबा आला. कुशाबा जवळच्या कापडे गावचा शेतकरी, पक्का माळकरी, आणि सप्ताहात वीणेच्या पहाऱ्यावर माझ्यानंतर उभा राहणारा माणूस. त्याने टाकीला आधी नमस्कार केला. म्हणाला, हे साधंसुधं दुखणं नाय, ही देवी आली हाय. अंगावर पांढरे फोड म्हणजे देवीच. टाकीवर लिंबाचा पाला बांधा आणि देवी जाईपर्यंत घरात फोडणी द्यायची नाय, नायतर ती कोपते.

मी शिकलेला माणूस आहे. हे असलं काही मी मानत नाही. पण न मानून जिलबीला काही झालं असतं तर मी मानसीला कोणत्या तोंडाने सांगणार होतो? टाकीवर लिंबाच्या डहाळ्या चढल्या आणि आमच्या घरात फोडणी बंद झाली. फिकी आमटी ताटात आली. सरिता म्हणाली, "आमच्या माहेरी माशाला फोडणी देत होते. माशासाठी फोडणी बंद झालेली मी इथेच पाहिली." मी शांतपणे आमटी प्यालो. सप्ताहाच्या तोंडावर बायकोशी वाद घालू नये. एरवीही घालू नये, पण सप्ताहाच्या तोंडावर तर नाहीच.

तरी शास्त्राची बाजूही बघावी म्हणून दुसऱ्या दिवशी मी गुरांच्या दवाखान्यात गेलो. तिथले गृहस्थ भले होते. संगणकासमोर बसवून त्यांनी विचारलं, जनावर कोणतं. मी म्हणालो, मासा. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. गाय होती, म्हैस होती, शेळी, मेंढी, डुक्कर, कोंबडी, अगदी खेचरही होतं. मासा नव्हता. मी म्हणालो, इतरमध्ये घाला. त्यांनी घातला. तर संगणक म्हणाला, कानातल्या बिल्ल्याचा नंबर द्या.

"बिल्ला मारलाय ना कानाला?" गृहस्थांनी विचारलं.

मी म्हणालो की त्याला कान नाही. ते हळूच म्हणाले, कान नसेल तर साहेब, पुढचं पान उघडत नाही. हा मुद्दा मला पटला. मी स्वतः इतकी वर्षं शाळेत हेच करतो. पुढचं पान उघडलं नाही की माणूस कितीही खरा असला तरी त्याला उद्या यायला सांगावं लागतं. त्यांनी जिल्ह्याच्या गावच्या मासेवाल्या कचेरीचा नंबर दिला. तिथून उत्तर मिळालं की आम्ही बोट, जाळं आणि तळं बघतो, दिवाणखाना बघत नाही. तळं असेल तर बोला.

शेवटी महाडला हर्षद नावाचा एक जण मोबाइलच्या कव्हरांबरोबर शोभेचे मासेही विकतो, असं कळलं. रोगी दाखवल्याशिवाय औषध देत नाही, असं तो फोनवर म्हणाला. म्हणून झाकणाला भोकं पाडलेल्या स्टीलच्या डब्यात जिलबीला घेऊन मी एस.टी.त बसलो. कपाळाला गंध, गळ्यात माळ, डोक्यावर टोपी आणि मांडीवर डबा. एका खड्ड्यात डब्यातलं पाणी हिंदकळून शेजारच्याच्या पायजम्यावर गेलं. कंडक्टरने विचारलं, काय आहे. खोटं बोलण्याची मला सवय नाही. मी म्हणालो, मासा.

अख्खी गाडी माझ्या माळेकडे बघू लागली. कंडक्टर म्हणाला, मासळी टपावर. मी म्हणालो, मासळी नाही, मासा आहे, जिवंत आहे, आजारी आहे, दवाखान्यात नेतोय. मागच्या बाकावरून आवाज आला, "न्या न्या, डॉक्टर जेवायचे थांबलेत." सावित्रीच्या पुलापर्यंत गाडी हसत होती. मी डब्यावर हात ठेवून मनातल्या मनात नाम घेत राहिलो. संतांना लोक याहून वाईट बोललेले आहेत, पण त्यांच्या मांडीवर डबा नव्हता.

हर्षदने डब्यात पाहिलं आणि एका वाक्यात निकाल दिला. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, थंडीत होतो, बरा होतो. निळ्या औषधाची बाटली दिली. थेंब मोजून घाला, पाणी हळूहळू कोमट करा, थोडं खडं मीठ घाला, रोज थोडं पाणी बदला, पण नळाचं ताजं नको, त्यात जंतू मारायची पावडर असते. बादलीत रात्रभर ठेवलेलं किंवा विहिरीचं घ्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, चार दिवस खायला काही घालू नका. आजारी मासा खात नाही, खाणं पाण्यात सडतं आणि त्यानेच तो मरतो. मला हे फार आवडलं. उपास हे औषध आहे, असं सांगणारा पहिलाच दुकानदार भेटला. परत येताना मी डब्यात तोंड घालून जिलबीला सांगितलं, एकादशी समज.

येताना बाटली सदऱ्याच्या खिशात ठेवली होती. ती थोडी गळली. त्या निळ्या औषधाचा एक गुण असा की ते माशावरून जातं, माणसावरून जात नाही. घरी पोचलो तेव्हा छातीवर भारताच्या नकाशाएवढा निळा डाग होता. सदरा काढला तर तो खाली छातीवरही होता. बोटं निळी होतीच, आणि ती कपाळाला लावल्यामुळे गंधाभोवतीही एक निळी किनार आली होती. तसाच मी कीर्तनाला गेलो. कीर्तन चुकवणं मला जमत नाही. टाळ वाजू लागले की माझा पाय घरात ठरत नाही. सरिता म्हणते, सुहासरावांना आणि शिमग्यातल्या ढोल्याला धरून ठेवता येत नाही.

कीर्तनाआधी बुवांना नमस्कार केला तेव्हा त्यांनी निळ्या रंगाची चौकशी केली आणि माझ्या तोंडून सगळं निघालं. इथे चुकलो. कीर्तनकाराला गोष्ट सांगणं म्हणजे साळूबाईला सांगण्यासारखंच, फक्त साळूबाईला पेटीची साथ नसते. बुवांनी त्या दिवशी नेमका मत्स्यावतार लावला. ओंजळीत आलेला एवढासा मासा मनुराजाने जपला, त्याच माशाने पुढे प्रलयात त्याची नाव ओढली. आवाज असा लागला होता की माझ्या डोळ्यांना पाणी आलं. आणि तेवढ्यात बुवांनी माझ्याकडे हात केला. म्हणाले, "मायबापहो, असा एक मनुराजा आपल्या पोलादपुरातही आहे. मत्स्याची सेवा करता करता अंगाला घननीळाचा रंग चढलाय. बघा."

मंडपाने पाहिलं. मी छाती झाकायला उपरणं ओढलं, तर लोकांना वाटलं विनय आहे.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेल्यावर माझ्या दारात चपला. देवळातून निघालेला प्रत्येक जण मत्स्यदर्शनाला. आणि आपल्या माणसाला एकच ठाऊक: देवळापाशी पाणी असलं आणि पाण्यात मासा असला, की चुरमुरे टाकायचे. कुणी चुरमुरे टाकले, कुणी सुंठवड्याची चिमूट, कुणी साखरफुटाणे. एकाने रुपया टाकला आणि डोळे मिटून काहीतरी मागितलंसुद्धा. सरिता ओरडून सांगत होती की माशांचा उपास आहे. त्यावर लोक आणखीच गहिवरले आणि उपासाला चालतात म्हणून खजूर टाकू लागले.

मला हे काही माहीत नव्हतं. मी शाळेतून परस्पर देवळात, वीणेच्या पहाऱ्यावर गेलो होतो. वीणेचा नियम सांगतो. सप्ताह बसला की वीणा सातही दिवस जमिनीला टेकत नाही. रात्रंदिवस कुणी ना कुणी माळकरी ती गळ्यात घेऊन, नाम घेत उभा असतो. पुढचा माळकरी आला की ती याच्या गळ्यातून त्याच्या गळ्यात जाते. तोवर घर जळो, दार जळो, उभ्याने उभं राहायचं. माझ्याबरोबर मृदंगावर मुरारी होता आणि टाळावर जानू. माझा पहारा संपत आला होता आणि कुशाबाची वाट बघायची होती.

तेवढ्यात सरिताचा फोन आला. मुरारीने तो माझ्या कानाला लावला. टाकीतलं औषधाचं निळं पाणी ताकासारखं गढूळ झालं होतं, जिलबी आडवी पडून वर तरंगत होती, कल्ले अजून हलत होते. "आणि तुमचा कुशाबा इथेच आहे," सरिता म्हणाली. "हात घालून तिला सरळ करतोय. हलायला तयार नाही."

मी नाम घेत घेत जानूला खुणावलं, वीणा घे. जानू मागे सरकला. त्याला माळ नव्हती. पुढच्या वर्षी घालणार, असं तो दरवर्षी सांगतो. पण सुकटीशी त्याचा अजून हिशेब मिटलेला नाही. मुरारी माळकरी, पण त्याच्या गळ्यात मृदंग. दोन्ही एका गळ्यात बसेनात. देवळात आणखी कुणी नव्हतं, कारण सगळे माझ्याच घरी होते.

मी विठ्ठलाकडे पाहिलं. तो कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याचं बरं आहे. मग माझ्या मनात आलं: वीणा जमिनीला टेकायची नाही, नाम थांबायचं नाही. वीणेने चालायचं नाही, असं कुणी म्हटलंय? दिंडीत चालतेच की. मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला. वीणा एकटी जाऊ द्यायची नाही हाही नियमच. म्हणून मुरारी आणि जानू वाजवत मागे आले.

देवळापासून माझं घर फार लांब नाही. पण बाजारपेठेला वाटलं दिंडी निघाली. नगरप्रदक्षिणा शेवटच्या दिवशी असते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी वीणा दारात आल्यावर कॅलेंडर कोण बघतो? बाया घागरी घेऊन बाहेर आल्या. वीणेकऱ्याच्या पायांवर पाणी घालायचं, कुंकू लावायचं, ओवाळायचं, पाया पडायचं. नको म्हणण्याची सोय नाही, कारण तोंडात नाम. मी डोळ्यांनी घाई दाखवली, त्यांना ती तल्लीनता दिसली. बनुबाई नावाच्या एका म्हातारीला वाकायला आणि मग उठायला इतका वेळ लागला की मला टाकीतली जिलबी डोळ्यांपुढे दिसू लागली आणि माझे डोळे भरले. बनुबाई लेकीला म्हणाली, "बघ गो, कसा भाव हाय." मागे माणसं वाढत होती. मी पाऊल उचललं की सगळे उचलायचे. मी धावलो असतो तर अख्खी पेठ धावली असती. आणि खरं सांगतो, शेवटच्या वळणावर धावली.

घरात पाय ठेवायला जागा नव्हती. कुशाबा कोपरापर्यंत निळा होऊन टाकीत हात घालून उभा. माझे दोन्ही हात वीणेत. तोंड नामात. आणि काय करायचं ते त्या घरात फक्त मला माहीत. मग जे झालं ते झालं. मी चालीवरच म्हणालो, "रामकृष्णहरी, अर्धं पाणी काढा, हरी."

मागून साठ-सत्तर माणसांनी टाळांवर म्हटलं, "अर्धं पाणी काढा, हरी."

सरिता तेवढी शहाणी. तिने पातेलं घेतलं आणि पाणी उपसायला लागली. मी पुढचं चरण लावलं, चुरमुरे गाळा. मंडळींनी तेही उचललं, मुरारीने दुगण धरून लय दुप्पट केली. साळूबाईने पिठाच्या चाळणीने चुरमुरे आणि खजूर गाळले, रुपयाही गाळला आणि कनवटीला लावला. मग मी गायलो, बादलीतलं शिळं पाणी घाला. लोकांनी ते दोनदा घोळवून म्हटलं, पण बादली रिकामी होती. ते पाणी कुशाबाने हातपाय धुवायला वापरलं होतं.

माझं नाम तिथे अडखळलं. जिलबीचे कल्ले अगदी संथ हलत होते. दारात मात्र बनुबाई आणि बाया घागरी घेऊन ताटकळत उभ्या होत्या; माझ्या पायांवर घालायला आणलेलं पाणी, देवळाच्या विहिरीचं. मी मान हलवत, वीणा हलवत, जीव तोडून गायलो, "पायांवर नको, टाकीत घाला, हरी."

त्यांनी घातलं. प्रत्येकीने आपली घागर ओतली, ओतताना पाया मात्र माझ्याच पडली. सरिताने मीठ टाकलं, थेंब मोजले. मंडळी गात होती, थेंब सात टाका, हरी. मी सांगितलेही सातच होते. बऱ्याच वेळाने जिलबी जराशी कलली, मग पाण्यात तिरकी उभी राहिली. लोकांनी एवढा गजर केला की मला भीती वाटली, ती पुन्हा आडवी होईल. कुशाबाने ओल्या, निळ्या हातांनी माझ्या गळ्यातली वीणा घेतली आणि सगळा मेळा घेऊन देवळाकडे गेला. वीणा टेकली नव्हती. नियम मोडला नव्हता. फक्त देव तेवढा वेळ एकटा होता, आणि मला नाही वाटत त्याची काही तक्रार असेल.

काल्याच्या दिवशी मानसी आली. एस.टी. स्टँडपासून घरापर्यंत तिला तीन माणसांनी हकिकत सांगितली होती, तिन्ही वेगवेगळ्या. तिच्या हातात झाकणाची बादली होती आणि पाण्यात हवा सोडायचं छोटं यंत्र. भोरला घर लागलंय, म्हणाली, आता यांना घेऊन जाते.

मी टोपी काढली, परत घातली. जिलबीच्या अंगावर एक ठिपका उरला नव्हता. मोतीचूर तर असा फिरत होता जणू त्यानेच सप्ताह पार पाडला. मी घसा साफ करून म्हणालो, "वरून दिसायला बरे दिसतात. आतून अजून अशक्त आहेत. मोठं दुखणं झालंय."

सरिता दुसरीकडे बघायला लागली. मानसी टाकीपुढे वाकली, जिलबीकडे पाहिलं, मग काचेत पडलेल्या माझ्या निळसर कपाळाकडे पाहिलं. बादली तिने मोरीत नेऊन पालथी घातली.

"राहू देत मग," ती म्हणाली. "असल्या अशक्तपणाला घाई करू नये."

परवाच्या संध्याकाळी तिचा फोन आला. मी फोन घेऊन टाकीकडे जायच्या आत ती म्हणाली, बाबा, बसा, आज काय झालं सांगते. मग तिच्या बॅंकेतलं झालं, सासऱ्यांचा गुडघा झाला, आमच्या नव्या हेडमास्तरांचं झालं. फोनचं चार्जिंग संपलं तेव्हाच आम्ही थांबलो. मग माझ्या लक्षात आलं, जिलबीचं नावच निघालं नाही. ती आपली काचेला तोंड लावून वाट बघत होती.

मी तिला काही सांगितलं नाही. दुखण्यातून नुकत्याच उठलेल्या जिवाला असल्या गोष्टी लगेच कळू देऊ नयेत.